भावाची शपथ आणि भाचीचं संशोधन

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं (सगळं ठीक आहे, फोन करून चौकशी करू नये, डोळ्यापेक्षा कान दुखतात). आजचा विषय जरा वेगळा आहे. नातेवाइकांपैकी काहींना तो आवडणार नाही, कारण त्यात घरातलं बोलणं आहे. पण माझ्याच चुकीबद्दल लिहिते आहे, तेव्हा कुणी रागावायचं कारण नाही.

माझं माहेर शनिशिंगणापूर. सासर सोनई, म्हणजे हाकेच्या अंतरावर. यजमान गेल्यापासून मी भावजयीच्या सोबतीला माहेरीच जास्त असते. आमचं गाव सगळ्यांना दोन गोष्टींमुळे ठाऊक आहे. एक म्हणजे उघड्या चौथऱ्यावरची, डोक्यावर छप्पर नसलेली काळी शिळा, आणि दुसरी बिनदाराची घरं. मी लहानपणी आमच्या घराला चौकट पाहिली, पण दार पाहिलं नाही. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून एक फळी आडवी लावायची, एवढाच बंदोबस्त. इथे चोरी केली तर शनिमहाराज बघून घेतात ही श्रद्धा, आणि त्याच श्रद्धेचा दुसरा भाग म्हणजे महाराजांची खोटी शपथ कुणी घेत नाही. बाकी थापा मारतील, पण ही शपथ नाही.

हे सगळं सांगायचं कारण पुढे येईल.

माझा धाकटा भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी लहान. २००४ साली नेत्रतपासणीच्या शिबिरात त्याला मधुमेह असल्याचं कळलं. डॉक्टर म्हणाले, हा आजचा नाही, बरीच वर्षं आत मुरलेला दिसतो. तेव्हा आम्ही कुणी ते मनावर घेतलं नाही. आमचा तालुका उसाचा. चहात साखर कमी पडली तर पाहुणा घरी जाऊन नावं ठेवतो. भाऊ सात-आठ वर्षं तसाच राहिला. गोळी आठवली तर घेतली, सुपारी-गुळाचं चालूच. २०१२ च्या सुमारास त्याच्या एका मित्राची दृष्टी गेली आणि हा हादरला. त्यानंतर मात्र माणूस बदलला. पहाटे चालणं, वेळेवर गोळ्या, मग इन्सुलिन, घरात साखर मोजायचं यंत्र. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ती एचबीएवनसी चाचणी पूर्वी दहाच्या आसपास यायची, ती सातच्या खाली आली. वहीत तारीखवार आकडे लिहायचा. माझ्या कुठल्याच विद्यार्थ्यानं इतकी नीट वही ठेवली नव्हती.

२०१७ च्या शनिजयंतीला, म्हणजे वैशाख अमावास्येला, तो भर दुपारी अनवाणी दर्शनाला गेला. वैशाखातली फरशी कशी तापते ते सांगायला नको. इतर लोक उड्या मारत चालत होते, हा शांतपणे चालला. घरी आल्यावर भावजयीला रक्ताचा ठसा दिसला. अंगठ्याखाली भला मोठा फोड येऊन फुटला होता, आणि त्याला पत्ताच नव्हता. पुढचं थोडक्यात सांगते. जखम चिघळली, महिन्यानं अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं.

त्या वर्षीची भाऊबीज शनिवारी आली होती. मी ओवाळायला बसले आणि ओवाळून झाल्यावर, सगळ्यांसमोर, म्हणाले, "खरं सांग, चोरून काय काय खातोस? साखर काबूत असती तर बोट गेलं असतं का?" तो म्हणाला, "आक्का, शनिमहाराजांची शपथ, पाच वर्षांत गोडाला हात लावला नाही." आणि मी, पस्तीस वर्षं कॉप्या पकडण्यात गेलेली बाई, मी हसले आणि त्याच्या सदऱ्याचा खिसा चाचपला. खिशात काय निघालं? चष्म्याचं घर आणि साखर मोजायच्या पट्ट्यांची डबी.

तो काही बोलला नाही. पाट उचलला आणि आत गेला. २०१९ साली हृदयविकारानं तो गेला. तोपर्यंत आम्ही बोलत होतो, येणंजाणं होतं, पण त्या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही. जिथे घरांना दारं लावत नाहीत, त्या गावात मी माझ्या भावाचा खिसा तपासला.

त्याची मुलगी, माझी भाची, सध्या जर्मनीतल्या एका विद्यापीठात 'पोस्टडॉक' आहे. गावात हा शब्द समजावून सांगताना माझी पुरेवाट होते. पीएचडी झाली, डॉक्टर झाली, तरी अजून शिकतेच? नापास झाली का? पगार मिळतो का? मग लग्न? मलाही गेल्या दिवाळीपर्यंत नीट ठाऊक नव्हतं. पीएचडीनंतर दोन-तीन वर्षांच्या करारावर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत, एका ठरावीक प्रश्नावर काम करायचं, करार संपला की पुढचा शोधायचा. पगार असतो, पण कायमची नोकरी नसते. आपल्याकडच्या कंत्राटी शिक्षकांसारखीच गत. आणि तिचा प्रश्न कुठला? मधुमेहात रक्तवाहिन्या का बिघडतात, आणि साखर ताळ्यावर आल्यावरही त्या का सुधारत नाहीत.

हे ऐकल्यावर माझ्या हातातली करंजी हातातच राहिली. मी तिला म्हटलं, मला पहिलीतल्या मुलाला सांगतेस तसं सांग. ओट्यावर बसून तिनं जे सांगितलं ते माझ्या शब्दांत मांडते. चुकलं तर ती माझी चूक, तिची नाही.

रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला एक अस्तर असतं, जेमतेम एका पेशीच्या जाडीचं. पूर्वी वाटायचं की हे नुसतं नळाच्या आतलं कल्हईसारखं काहीतरी आहे. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकन शास्त्रज्ञानं दाखवलं की हे अस्तर खरवडलं गेलं तर, ज्या द्रव्यानं रक्तवाहिनी सैल पडायची, त्याच द्रव्यानं ती उलट आवळते. म्हणजे सैल व्हायचा निरोप अस्तर देतं. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू. या शोधमालिकेला १९९८ चं नोबेल मिळालं. फर्चगॉटबरोबर लुई इग्नारो आणि फेरिद मुराद होते.

आता गंमत बघा. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींना साखरेसाठी दार असतं आणि इन्सुलिन ते उघडतं. या अस्तराच्या पेशींचं तसं नाही. रक्तात साखर वाढली की त्यांच्या आतही वाढते, त्यांना ती अडवता येत नाही. भाची म्हणाली, "आत्या, या पेशी म्हणजे आपल्या शिंगणापूरची घरं." मी म्हटलं, "आणि साखर ही महाराजांना न भिणारी चोर." अशी आत शिरलेली जादा साखर जाळताना पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या जो धूर सोडतात (ती त्याला मुक्त ऑक्सिजनकण म्हणते), त्यातून नुकसानीच्या अनेक वाटा एकदम उघडतात, असं मायकेल ब्राउनली यांनी २००१ च्या सुमारास मांडलं. शिवाय साखर प्रथिनांना चिकटते. भाकरीला तव्यावर जो तांबूस खरपूसपणा येतो, त्याच जातीची ही रासायनिक क्रिया. फक्त शरीरात ती मंद आचेवर वर्षानुवर्षं चालते. मग बारीक वाहिन्या डोळ्यात, मूत्रपिंडात आणि नसांभोवती खराब होतात. नस उपाशी राहिली की पाय बधिर होतो. मोठ्या वाहिन्या अरुंद झाल्या की जखमेला रक्त पोचत नाही आणि हृदयही संकटात येतं. माझा भाऊ तापल्या फरशीवर शांतपणे चालला ते भक्तीमुळे असं मला तेव्हा वाटलं होतं. त्याला चटका कळलाच नव्हता.

आणि आता त्या खिशाची गोष्ट.

१९८७ साली अमेरिकेत एंगरमन आणि कर्न यांनी मधुमेही कुत्र्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. अडीच वर्षं साखर वाढलेली ठेवली, मग अडीच वर्षं उत्तम काबूत. पहिल्या टप्प्याच्या शेवटी डोळ्यांचे पडदे जवळजवळ चांगले होते. ते बिघडले दुसऱ्या टप्प्यात, साखर चांगली असताना! माणसांतही तेच दिसलं. अमेरिका-कॅनडात १,४४१ टाइप वन रुग्णांचा मोठा अभ्यास १९९३ साली संपला. ज्यांची साखर काटेकोर ठेवली होती, त्यांचे डोळे, मूत्रपिंडं, नसा पुष्कळच वाचल्या. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर सारखीच झाली, तरी फरक वर्षानुवर्षं टिकला. २००५ मध्ये दिसलं की हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका आधीच्या काटेकोर गटात ४२ टक्क्यांनी कमी होता. इंग्लंडमधल्या टाइप टू रुग्णांच्या, म्हणजे माझ्या भावासारख्यांच्या, मोठ्या अभ्यासातही २००८ साली असाच 'वारसा' दिसला. सुरुवातीची चांगली वर्षं पुढे उपयोगी पडतात आणि सुरुवातीची वाईट वर्षं पुढे छळतात.

हे का होतं? त्याच २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या एल-ओस्टा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी फक्त सोळा तास जादा साखरेत ठेवल्या आणि मग साध्या साखरेत आणल्या, तरी सहा दिवस त्यांच्या जनुकांवरच्या खुणा आणि बिघडलेलं वागणं तसंच राहिलं. जनुकं बदलत नाहीत, पण कुठलं पान उघडं ठेवायचं याच्या खुणा बदलतात. मी शिक्षिका, मला हे लगेच पटलं. पहिलीत अक्षराला जे वळण लागतं, ते सातवीत कितीही पट्ट्या मारल्या तरी जात नाही. सातवीतला मुलगा कष्ट करतो आहे, हे मात्र खोटं नसतं.

भाचीनं एवढं सांगून झाल्यावर मी विचारलं, "म्हणजे बापू खरं बोलत होता?" ती म्हणाली, "आत्या, बाबांच्या वह्या माझ्याजवळ आहेत. सगळे आकडे खरे आहेत. पहिली आठ-दहा वर्षं नडली. नंतरची वर्षं त्यांनी नीट काढली नसती तर कदाचित याआधीच काही झालं असतं." हा विषय तू त्याच्यासाठी घेतलास का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "असं काही नसतं गं, जागा त्या प्रयोगशाळेत होती." आणि विषय बदलला. असो.

तर माझं मत असं, आणि ते मी ठामपणे मांडते.

पहिलं, मधुमेही माणसावर घरच्यांनी पोलिसगिरी करणं थांबवावं. डोळा बिघडला, पाय बिघडला की लगेच 'पथ्य मोडलं असशील' म्हणायचं, ही आपल्या घराघरातली रीत आहे. काही जण मोडतातही. पण पथ्य पाळूनही बिघडू शकतं, हे आता शास्त्र सांगतं. माणूस आधीच घाबरलेला असतो, त्यात आपण त्याला चोर ठरवतो. यावर कुणी म्हणेल, बाई, अशानं लोक पथ्यच सोडतील. नाही. जुनं वळण सुटत नाही म्हणून पुढचं अक्षर मुद्दाम वाईट काढायचं का? मात्र उशिरा जाग आली म्हणून एकदम अतिरेकही करू नये. २००८ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, जुना मधुमेह असलेल्यांची साखर फार जोरात खाली आणलेल्या गटात मृत्यू वाढले, म्हणून तो भाग मध्येच थांबवावा लागला. किती आणि कसं, ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

दुसरं, खरी लढाई सुरुवातीच्या वर्षांची आहे, जेव्हा काहीही दुखत नसतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर आहेत. 'मी तर काटकुळा, मला कशाला होईल' म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचे उदाहरण देते. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत जी तूट होती ती स्नायूंची होती, चरबी त्यामानानं राखलेली होती. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी उभा फोटो छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के! तेव्हा बारीक दिसण्यावर जाऊ नका. तिशीनंतरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रातही होते.

तिसरं, भाचीसारख्या मुलामुलींना 'याचा काय उपयोग' आणि 'कधी संपणार' हे विचारणं बंद करा. माझा एक पुतण्या म्हणतो, पेशी आणि उंदरांवर पैसे घालवण्यापेक्षा खेड्यात दवाखाने काढा. दवाखाने हवेतच. पण त्या दवाखान्यात वापरणार काय? ती एचबीएवनसी चाचणी घ्या. १९६८ साली तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर हिमोग्लोबिनचे प्रकार तपासत होते. मधुमेही लोकांच्या रक्तात त्यांना एक विचित्र पट्टा दिसला. तेव्हा त्याचा 'उपयोग' कुणाला ठाऊक होता? आज तालुक्याच्या गावी ती चाचणी होते. दुसरं उदाहरण. १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं कडू द्रव्य काढलं. १८८६ मध्ये फॉन मेरिंग यांना दिसलं की त्यानं लघवीवाटे साखर जाते. त्या धाग्यावरून पुढे शंभरएक वर्षांनी नवी औषधं आली, आणि २०१५ साली त्यातल्या एम्पाग्लिफ्लोझिननं हृदयविकार असलेल्या मधुमेही रुग्णांतले हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी केले. मार्च २०२५ मध्ये त्याचं आपल्याकडचं पेटंट संपलं आणि किंमत एकदम उतरली. सालीपासून गोळीपर्यंत पावणेदोनशे वर्षं! मधल्या काळात किती जणांना त्यांच्या आत्यांनी 'कधी संपणार' म्हणून विचारलं असेल कोण जाणे.

भाची ज्या पेशींवर काम करते त्या कुठून येतात ते ऐका. बाळाच्या नाळेतून. बाळंतपणानंतर टाकून दिली जाते ती नाळ, आईची परवानगी घेऊन प्रयोगशाळेत आणतात आणि तिच्यातल्या शिरेचं अस्तर वाढवतात. १९७३ पासून हे तंत्र जगभर चालू आहे. मला हे ऐकून फार बरं वाटलं. गावाशी नाळ तुटली म्हणून तिला लोक बोलतात, आणि ती तिकडे रोज नाळच हातात धरून बसलेली असते.

आता शेवटची विनंती. शिंगणापूरला दर्शनाला याल, किंवा कुठल्याही देवाला जाल, आणि मधुमेह असेल, तर उन्हाच्या वेळी जाऊ नका. अनवाणी चालायचंच असेल तर जाड पायमोजे घाला. महाराज इतके कोत्या मनाचे नाहीत. घरी आल्यावर तळवे बघा, वाकता येत नसेल तर आरसा धरा. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायाची संवेदना तपासून घ्या. नायलॉनच्या एका जाड दोऱ्यानं टोचून बघतात, दोन मिनिटांचं काम. घोट्यापाशी नाडी लागते का तेही बघतात.

आणि घरात कुणी मधुमेही असेल तर त्याच्या ताटावर ठेवलेली नजर काढून घेऊन जरा त्याच्या पायांवर ठेवा. तो म्हणाला की खात नाही, तर एकदा विश्वास ठेवा.

गेल्या भाऊबीजेला मी बापूच्या फोटोपुढे निरांजन ठेवलं आणि त्याची २०१७ सालची वही उघडून वाचली. ऑक्टोबरच्या पानावर भाऊबीजेच्या दिवशीचा आकडा लिहिलेला होता. जेवणानंतर दोन तासांनी, एकशे अडतीस. पुढे नेहमीच्या सुवाच्य अक्षरात त्यानं लिहिलं होतं, 'आक्का आली होती.' बाकी काही नाही.